‘की’ अक्षर आलं

आत्या म्हणून माझ्या वाट्याला आलेलं काम मी मनापासून केलं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून फिरलं, टोपडं घातलेला वरवंटाही फिरून आला, मग मी वाकून त्या इवल्याशा कानाशी ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. कियारा. पाठीत धपाटे पडत होते, बांगड्यांचा आवाज होत होता, आणि बाळाच्या टाळूला धुरीचा, ओव्याचा, कोमट तेलाचा वास येत होता. त्या वासात नाक खुपसून मी आणखी थोडा वेळ राहिले असते. पण खुर्चीवर बसलेल्या माईकाकूंनी विचारलं, “काय म्हणालात? किनारा?” कोणीतरी मोठ्याने सांगितलं, “कियारा, माई, कियारा.” माईंनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. पण अर्थ काय गं त्याचा?”

प्रश्न वहिनीला होता. ती पाळण्याशेजारी जरीच्या साडीत अवघडून बसली होती, रात्रीच्या जागरणाने डोळे ओढलेले. प्रश्न ऐकताच तिने पाठ ताठ केली आणि एका दमात सांगितलं, “संस्कृत आहे माई. सूर्याचा पहिला किरण.” तिच्या मावशी म्हणाल्या, “मी तर देवाची देणगी असं वाचलं होतं.” आमच्या एका चुलतभावाने तत्परतेने मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं, “इथे ‘काळी’ दिलंय. काळ्या केसांची.” खोलीत एक क्षण कोणी काही बोललं नाही. मग घुगऱ्यांच्या द्रोणांची देवघेव सुरू झाली आणि विषय मागे पडला. माझा भाऊ तिथेच, भिंतीला टेकून उभा होता. नाव दोघांनी मिळून ठेवलेलं. त्याला कोणी काही विचारलं नाही.

मला टोचत राहिला तो वहिनीचा आवाज. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीचा असतो तसा. उत्तर पाठ केलेलं होतं आणि ते खरं नसावं अशी धास्तीही त्यात होती. आपल्याच लेकीच्या नावाबद्दल तिला साक्ष द्यावी लागत होती, आणि साक्षीसाठी तिने संस्कृतला बोलावलं होतं, कारण संस्कृतचं नाव घेतलं की आपल्याकडे उलटतपासणी थांबते हे तिला ठाऊक होतं.

खरं तर या नावाची सुरुवात अगदी जुन्या पद्धतीनेच झाली होती. बाळ जन्मलं मृगशीर्ष नक्षत्राच्या चौथ्या चरणावर. मृगाची अक्षरं वे, वो, का, की. गुरुजींनी कागदावर लिहून दिलं, “की अक्षर आलं.” पुढचे काही दिवस घरात सगळे ‘की’वर बोलत होते. कीर्ती हे आईचं आवडतं. किरण मुलाचंही असतं म्हणून बाद. किशोरी म्हटलं की एक थोर गाणं आठवतं, तेवढं ओझं बाळावर नको असं भाऊ म्हणाला. किन्नरी, किमया यांच्यावर थोडी चर्चा झाली. मला किमया आवडलं होतं, अजून आवडतं, हे सांगून टाकते. वहिनी सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने सांगितलं की पाचव्या महिन्यातच तिने एका वहीच्या शेवटच्या पानावर एक नाव लिहून ठेवलं होतं, अक्षर वगैरे काही ठाऊक नसताना. ते होतं कियारा. आणि नेमकं ‘की’च आलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहिल्यावर मी किमयाचा आग्रह सोडला.

मग स्पेलिंग. हा टप्पा माझ्या आईच्या किंवा माझ्या वेळी नव्हता. आता नाव कानात सांगण्याआधी रोमन अक्षरांत मांडून पाहिलं जातं. वहिनीच्या वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ अंकशास्त्र पाहतात. त्यांच्या हिशेबात के म्हणजे २, आय १, ए १, आर २, शेवटचा ए १. बेरीज ७. त्यांना ती पसंत पडली नाही. शेवटी आणखी एक ए जोडला तर ८ होतात, आणि ८ शनीचा, म्हणून नको. मधे वाय घातला तरी आठच. अखेरीस त्यांनी शेवटी एच जोडला. एच म्हणजे ५, एकूण १२, एक आणि दोन तीन, आणि तीन गुरूचा. सगळ्यांचं समाधान झालं. म्हणून माझ्या भाचीच्या नावाच्या शेवटी एक अक्षर आहे जे कोणी कधी उच्चारणार नाही. जन्मदाखल्यावर मराठीत ‘कियारा’ आणि शेजारी रोमनमध्ये तो मुका एच. आपल्याकडे १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतर, वर्षभरात, कसलंही शुल्क न भरता घालता येतं. कायदा करणाऱ्यांना आपल्या घरांतल्या या चर्चांची कल्पना असणार.

या एचवर मी चिडले नाही. जन्मलेल्या मुलीसाठी एवढा खल करावासा वाटतो, आजोबा कागद-पेन घेऊन बेरजा करत बसतात, हे मला चांगलंच वाटलं. पण त्या बेरजेत नावाचा आवाज कुठेही नव्हता. तो वहिनीच्या वहीत होता. ‘कि’वर जीभ मागे जाते, ‘या’वर ओठ सैलावतात, ‘रा’वर आवाज उघडा राहतो. गॅलरीतून हाक मारायला उत्तम नाव. तिने पाचव्या महिन्यात ते याच कारणासाठी लिहिलं असावं असं मला वाटतं, पण कारण म्हणून आवाज सांगायची सोय आपण तिला ठेवलेली नाही.

बारशाच्या रात्री मी नावाचा माग काढायला बसले.

बाळांच्या नावांच्या याद्या असतात, त्यांवर पहिल्यांदा भरवसा ठेवला आणि लगेच काढून घेतला. एका यादीत जे नाव संस्कृत, ते दुसरीत लॅटिन, तिसरीत जपानी. ‘सूर्याचा पहिला किरण’ हा अर्थ तर इतक्या वेगवेगळ्या नावांपुढे दिसला की तो कोणाचाच नसावा अशी खात्री पटली. संस्कृतात कियारा नावाचा शब्द नाही. आपल्या परिसरात जवळचा शब्द शोधायचाच तर हिंदीतली क्यारी किंवा कियारी. ती संस्कृतातल्या केदारापासून आली, आणि तिचा अर्थ रोपांचा वाफा. हा अर्थ मला फार गोड वाटला, पाणी पाजलेल्या मातीचा वास आला त्याला. पण हे नाव तिथून आलेलं नाही. गोड वाटलं म्हणून मूळ ठरत नाही.

नाव आलं आहे इटलीतून, आणि वाटेत आयर्लंडची एक सावली त्याच्यावर पडली आहे. इटालियनमध्ये ते लिहितात सी-एच-आय-ए-आर-ए, आणि वाचतात ‘कियारा’. त्या भाषेत सी-एच-आयचा उच्चार ‘कि’. इंग्रजी वाचणाऱ्या माणसाने ही अक्षरं पाहिली की तो ‘चियारा’ म्हणणार. म्हणून इटलीबाहेर गेल्यावर कोणीतरी पुढचे सी-एच काढून तिथे के घातला, म्हणजे आवाज वाचला आणि रूप बदललं. याला मी बिघडवणं म्हणणार नाही. परक्या गावात आपलं नाव नीट हाकारलं जावं एवढ्यासाठी केलेली ती सोय आहे. आपल्याकडच्या मुलींनी परदेशी ऑफिसांत आपल्या नावातला एखादा एच किंवा डब्ल्यू याच कारणाने इकडेतिकडे केलेला मी पाहिला आहे.

या इटालियन नावाचा अर्थ स्वच्छ, उजळ. मूळ लॅटिन ‘क्लारुस’, स्त्रीलिंगी ‘क्लारा’. आणि या नावाची सगळ्यांत मोठी मुलगी म्हणजे इटलीतल्या असिसी गावची कियारा, जिला इंग्रजीत सेंट क्लेअर म्हणतात. तिचा जन्म ११९३ किंवा ११९४चा. आख्यायिका सांगते की तिच्या आईने, ओर्तोलानाने, गरोदरपणी प्रार्थना करताना एक आवाज ऐकला की तुझ्या पोटी जगाला उजळणारा प्रकाश जन्मेल, म्हणून मुलीचं नाव कियारा. म्हणजे तिथेही आईनेच, पोटात बाळ असताना, नाव मनाशी धरलेलं. घराणं श्रीमंत होतं, मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होत्या. १२१२ साली, ईस्टरच्या आधीच्या रविवारी रात्री, अठरा वर्षांच्या आसपासची ही मुलगी घरातून निघाली आणि गावाबाहेरच्या लहानशा चॅपेलात, पुढे संत झालेल्या फ्रान्सिसकडे पोहोचली. त्याने तिचे केस कापले. नातेवाईक तिला ओढून न्यायला आले तेव्हा तिने वेदीवरचं वस्त्र घट्ट धरलं आणि डोक्यावरचा पदर सारून कापलेले केस दाखवले. पुढची चाळीसहून अधिक वर्षं ती सान दामियानोच्या मठात राहिली, काहीही मालकीचं न ठेवता. आपल्या मठाची नियमावली तिने स्वतः लिहिली. एका बाईने बायकांसाठी लिहिलेली ही पहिली मठ-नियमावली मानतात. पोपची मंजुरी मिळाली तेव्हा तिच्या आयुष्याचे दोनच दिवस उरले होते. ११ ऑगस्ट १२५३ला ती गेली, आणि दोन वर्षांत संत ठरली. आजारपणात अंथरुणातून उठता येत नव्हतं तेव्हा तिला दूरच्या चर्चमधली प्रार्थना आपल्या खोलीत दिसली-ऐकू आली अशी कथा आहे, आणि त्या कथेवरून १९५८ साली पोपने तिला टेलिव्हिजनची संरक्षक संत जाहीर केलं. मी हे वाचलं तेव्हा रात्र बरीच झाली होती, आणि मला एकदम बरं वाटलं. आपल्या घरात हे नाव पडद्यावरूनच तर आलं आहे.

चुलतभावाने वाचलेलं ‘काळी’ही खोटं नव्हतं. आयर्लंडमध्ये सी-आय-ए-आर-ए असं एक जुनं नाव आहे, उच्चार साधारण ‘कीरा’. आयरिश भाषेत ‘किअर’ म्हणजे काळा, गडद, आणि नाव बहुधा काळ्याभोर केसांवरून. तेच स्पेलिंग अमेरिकेत गेलं तेव्हा लोकांनी सीचा ‘स’ केला आणि ‘सिएरा’ म्हणू लागले. १९७३ साली त्या नावाचं एक अत्तर बाजारात आलं, आणि पुढे त्या अत्तरावरून एका मुलीचं नाव ठेवलं गेलं, जी आज प्रसिद्ध गायिका आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस के ने सुरू होणाऱ्या कियारा नावाची एक गायक-जोडी अमेरिकेत गाजली आणि तिथे मुलींसाठी हे के-वालं रूप रुळू लागलं. १९९८मध्ये ‘द लायन किंग’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागात सिंबा या सिंहाच्या मुलीचं नाव कियारा ठेवलं गेलं. तोवर इटलीची उजळ कियारा आणि आयर्लंडची काळी कीरा या दोघी एकाच के खाली येऊन इतक्या मिसळल्या होत्या की आता वेगळ्या काढता येत नाहीत. एकाच हाकेत उजेड आणि अंधार. मला तर हे ‘पहिल्या किरणा’पेक्षा कितीतरी खोल वाटतं. पहाटेला तरी दुसरं काय असतं?

आणि आपल्याकडे? २०१०च्या ‘अंजाना अंजानी’ या हिंदी चित्रपटात प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव कियारा होतं. आलिया अडवाणी नावाच्या मुलीला चित्रपटात यायचं होतं, पण त्या वेळी एक आलिया आधीच पडद्यावर आलेली होती. तिने या पात्राचं नाव स्वतःसाठी घेतलं आणि २०१४च्या पहिल्या चित्रपटापासून ती कियारा अडवाणी झाली. तिचे चित्रपट चालू लागले तसं हे नाव घरोघरच्या पाळण्यांत आलं. म्हणजे असिसीच्या एका आईपासून आमच्या पाळण्यापर्यंतच्या या साखळीत एक संत आहे, एक सिंहीण आहे, गाणारी एक जोडी आहे आणि जन्मनाव बाजूला ठेवून पात्राचं नाव पांघरणारी एक नटी आहे. वहिनीला मी विचारलं नाही, पण तिने ते नाव कुठे पहिल्यांदा ऐकलं असेल याचा अंदाज मला आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लपवावंसं का वाटतं, हे मात्र मला कळतं. भावाच्या सोसायटीत खाली खेळणाऱ्या मुलींना संध्याकाळी हाका ऐकू येतात. मायरा, शनाया, अनायरा, आणखी एक कियारा. वरच्या पिढीतली माणसं नाक मुरडतात, “ही काय नावं?” यातल्या मायराचीच गोष्ट घ्या. हे नाव सुमारे चारशे वर्षांपूर्वी फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी रचलं. ‘व्हेनेसा’ जोनाथन स्विफ्ट या लेखकाने एका मैत्रिणीच्या आडनावाचा पहिला तुकडा आणि एस्थर या तिच्या नावाचं लाडकं रूप जोडून बनवलं. कोणीतरी एके दिवशी बसून बनवलेली ही नावं, आणि आता शतकं उलटल्यावर त्यांना जुनं, खानदानी म्हणतात. आपल्याकडेही काय वेगळं आहे? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरा सांगते. गुलाब, दौलत ही खेड्यापाड्यांतली मराठी नावं फारसीतून आली. आजीच्या पिढीत गोदावरी, भागीरथी, यमुना अशा नद्या घरात वावरायच्या. नंतरच्या पिढीला ती नावं जड वाटली आणि उषा, आशा, निशा आल्या, तेव्हाही म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली असणार. प्रत्येक पिढीच्या आयांना आपल्या लेकीची हाक आपल्या हाकेपेक्षा वेगळी ऐकू यावी असं वाटतं. या इच्छेमागे काय असतं, ते माझ्या आईकडे पाहिलं की मला थोडंफार उमगतं.

आईचं नाव शालिनी. पण तिचं जन्माचं नाव कमल. लग्नात ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने त्यांवर ‘शालिनी’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून ती शालिनी. कारण विचाराल तर माझ्या आजीचं, म्हणजे तिच्या सासूबाईंचं नावही कमलच होतं, आणि एका घरात सासू-सुना एकाच नावाच्या चालत नसत. बदलायचं कोणाचं हा प्रश्नच नव्हता. शालिनी या नावाचा अर्थ काय, ते तिला आवडतं का, आवाज कसा वाटतो, हे तिला कोणी विचारलं नाही. बाबांनाही ते सुचवलं गेलं होतं, त्यांनी फक्त लिहिलं. मी लहान असताना मामा यायचे तेव्हा दारातूनच “कमे!” अशी हाक मारायचे, आणि स्वयंपाकघरातून आई जशी धावत बाहेर यायची तशी एरवी कधी यायची नाही. तिचा चालण्याचा वेगही वेगळा असायचा, हात पिठाचे असले तर तसेच. मला तेव्हा वाटायचं, कमल नावाची कोणी आणखी एक मुलगी आमच्या घरात राहते आणि ती फक्त मामा आले की दिसते. शाळेचा दाखला कमलच्या नावाचा, रेशनकार्ड शालिनीचं. बाबा गेल्यावर पेन्शनची कागदपत्रं करताना या दोघी एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आई त्या कागदावर सही करताना थबकली होती. “कोणती सही करू?” तिने मला विचारलं. तो प्रश्न कचेरीतल्या कामाचा होता, मला माहीत आहे. तरीही मला उत्तर देता आलं नव्हतं.

मामा गेले. आता तिला कमल म्हणणारं कोणी नाही.

माईकाकूंचंही लग्नानंतरचं नाव वेगळं आहे, आणि ‘माई’ हे तिसरं. बारशाला नातीच्या नावाचा अर्थ विचारणाऱ्या त्या बाईचं पहिलं नाव काय होतं, हे त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या पिढीला नाव मिळालं ते दिलेलं, बदललेलं, पुसलेलं, त्यामुळे नव्या नावाला निदान भक्कम अर्थाचं कुलूप असावं असं त्यांना वाटत असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण नुसता अर्थ मुलीला राखत नाही. ज्याचा अर्थ प्रत्येक मराठी माणसाला तत्क्षणी कळतो, ज्याला कोणत्याही शब्दकोशाची गरज नाही, असं एक मुलीचं नाव आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या ठेवलं गेलं. नकुशी. किंवा नकुसा. तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो. ते बोलीतलं, अस्सल, शुद्ध मराठी नाव. हजेरीपटावर ते नाव पुकारलं की रोज सकाळी एका मुलीने ‘हजर’ म्हणायचं. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रम घेऊन अशा २८०हून अधिक मुलींची नावं बदलली गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. साताऱ्याच्या त्या मुलींना नवं नाव स्वतः निवडायला सांगितलं होतं. काहींनी देवीदेवतांची, पुराणातली नावं घेतली, सावित्रीसारखी. काहींनी सिनेनटीचं घेतलं, ऐश्वर्या. त्या मुलींना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी निवडायचं होतं, आणि त्यांनी पडद्यावरच्या सगळ्यांत सुंदर, सगळ्यांना हव्या असलेल्या बाईचं नाव उचललं. सिनेमावरून नावं ठेवतात म्हणून कोणी तोंड वाकडं केलं की मला त्या मुली आठवतात.

म्हणून वहिनीच्या निवडीवर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे त्या पाठ केलेल्या उत्तरावर, आणि ते पाठ करायला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांवर. मुलगी मोठी होईल, कधीतरी शाळेत संस्कृत घेईल, शब्दकोश उघडेल आणि तिथे आपलं नाव नसेल. आईने आपल्याला बनावट वंशावळ दिली असं तिला वाटावं? तिच्या नावाला खरी वंशावळ आहे. ती आपल्या ओळखीच्या रस्त्याने आलेली नाही, एवढंच. असिसीची ती मुलगी काही परकी नाही. घरच्यांनी ठरवलेलं लग्न नाकारून देवाच्या मागे निघालेल्या मुली आपल्या संतपरंपरेला माहीत आहेत. आणि लॅटिन शब्दकोशात त्या ‘क्लारुस’पाशी मला आणखी एक गोष्ट मिळाली. त्याचे अर्थ तीन दिले आहेत. स्वच्छ, उजळ, आणि नावलौकिक असलेला. कीर्तिमान. आईने ‘की’वरून सुचवलेलं आणि मागे पडलेलं कीर्ती हे नाव सातासमुद्रापार फिरून त्याच अक्षरात परत आलेलं होतं. मी हे वाचून खुर्चीतून उठले आणि उगीचच घरात फेऱ्या मारल्या.

हे सगळं मी वहिनीला लिहून पाठवलं, बऱ्याच लांबलचक मजकुरात. बाळाला पाजताना रात्री ती मोबाइल पाहते, तेव्हा वाचेल म्हणून. इटली, आयर्लंड, सिंहीण, नटी, काहीही न गाळता. शेवटी लिहिलं की माईंना काय सांगायचं ते तू ठरव, पण मला हेच उत्तर जास्त आवडलं. तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो आईचा. वहिनीने तिला सगळं वाचून दाखवलं होतं. कीर्तीचं ऐकून ती खूश होती, ते तिने दोनदा सांगितलं. मग थोडं थांबून तिने विचारलं, “ती तिकडची मुलगी जी घर सोडून गेली, मठात. तिथे गेल्यावर तिचं नाव बदललं का गं?”

मी म्हटलं, “नाही. शेवटपर्यंत तेच. आईने ठेवलेलं.”

“मग ठेव म्हणावं हेच,” आई म्हणाली, आणि मागे रडणाऱ्या बाळाला तिने हाक मारली, नव्या नावाने, ‘या’ जरा लांबवून.